डावणी तुम्हाला कळते, मग लेकीचा प्रश्न का कळत नाही?

(नाशिकजवळचे एक द्राक्ष बागायतदार लिहितात: मुलीची नीट दोनदा हुकली, तिसऱ्यांदा बसवतोय. तिला कॅन्सरवरची औषधं शोधायची आहेत. डॉक्टर झाल्याशिवाय ते कोण करू देणार? अभ्यास सोडून जनुकांची नावं लिहीत बसते, म्हणून वही कपाटात ठेवली आहे.)

नमस्कार. पत्र तीन पानी आहे, पण मी अडकले ती शेवटच्या पानाच्या पाठीमागे. तिथं पेन्सिलीनं एक ओळ आहे, अक्षर तुमचं नाही: ‘आत्याची गोळी दीड वर्ष लागू पडली, मग का थांबली?’ याच प्रश्नावर लोक पीएचडी करतात, आणि तुम्ही त्याची वही कपाटात कोंडलीत! मला तिच्या मार्कांची काळजी नाही, त्या कपाटाची आहे.

खरं तर उत्तर तुम्हालाच माहीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर एकच औषध सारखं मारलं की डावणी, ही द्राक्षावरची बुरशी, त्याला दाद देईनाशी होते. औषधाला बळी पडणारी बुरशी मरते, थोडी वेगळी असलेली वाचते आणि पुढची पैदास तिचीच. कॅन्सरच्या गाठीतही असंच होतं. हे तिला कधी सांगितलंत?

आता ‘एमबीबीएसशिवाय औषध नाही’ हा गैरसमज. रास जनुकातला बिघाड माणसाच्या कॅन्सरमध्ये सापडला १९८२ साली. या रास जनुकांपैकी एकापासून बनणारं केआरएएस हे प्रथिन इतकं गुळगुळीत, की औषधाला चिकटायला जागाच मिळेना. ‘यावर औषध होणे नाही’ असं म्हणायची पद्धतच पडली. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं एक लपलेली खाच दाखवली. जी१२सी नावाच्या एका बिघाडामुळे तिथं सिस्टीन हे अमिनो आम्ल येतं, त्यालाच औषधाचा रेणू पक्का जोडायचा. त्याच वाटेनं २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सोटोरासिब ही गोळी आली. शोकाट डॉक्टर नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत. आणि या गोळीलाही बऱ्याच जणांची गाठ काही महिन्यांत चकवते, म्हणजे काम संपलेलं नाही.

या वाटेच्या प्रवेश परीक्षा: विज्ञान संशोधन शिकवणाऱ्या आयसर या संस्थांची आयएटी, तशाच नायसर या संस्थेसाठी नेस्ट, औषधनिर्माणाच्या पदवीसाठी, म्हणजे बी. फार्मसाठी, एमएचटी-सीईटी. आयएटीत गणित असतं, ते नीटवाल्या मुलांचं सुटलेलं असतं. शिवाय बारावी कधी झाली याची अट असते. अजून एक वर्ष नीटला दिलंत तर हा रस्ता कदाचित उरणार नाही. अर्ज भरायच्या आधी नियम वाचा.

गोड बोलणार नाही. पदवी, मग पीएचडी, दहाएक वर्षं सहज जातात, तोवर हातात फक्त विद्यावेतन. आयुष्य घालूनही आपलं एकही औषध रुग्णापर्यंत न पोचलेले पुष्कळ आहेत. हे तिलाही वाचून दाखवा. त्यानंतरही ती हो म्हणाली, तर तिसरी नीट तिची नाही, तुमची आहे.

वही आज रात्रीच परत द्या. त्यात डावणीचं एक पान तुम्ही लिहा.