आमदारांकडे जाण्याआधी

प्रिय पोरी,

आमदारसाहेबांची वेळ मिळाल्याचं वाचून आनंद झाला. जाण्याआधी एकच ठरव, तिथून उठताना तुला काय मिळालेलं हवं? नुसतं "स्पीच थेरपीकडे लक्ष द्या" म्हणालीस तर आपुलकीने ऐकतील, निवेदन देतानाचा फोटो निघेल आणि विषय तिथेच थांबेल. तू विधिमंडळातला एक प्रश्न माग.

जिल्ह्यात वाचा-भाषा तज्ज्ञांची, म्हणजे आपल्यासारख्या स्पीच थेरपिस्टची, मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधी भरणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्यांत, शाळांत 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. त्यांच्या यादीत ऐकू न येणं आहे, भाषा उशिरा येणंही आहे. म्हणजे मूल सापडतं. पुढे चंदगडसारख्या दूरच्या तालुक्यातल्या त्या मुलाला दर आठवड्याला थेरपी कोण देतं? कोल्हापूरला एसटीने येऊन-जाऊन आईचा अख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो. हे प्रश्नात उतरव. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि एकदा नोंदलेला आकडा पुढच्या अधिवेशनात पुन्हा समोर ठेवता येतो. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) यांच्या मुदती साहेबांच्या स्वीय सहायकांना विचार. त्यांच्याशी नीट ओळख ठेव, निम्मं काम तिथेच होतं.

दुसरा विषय मला जास्त छळतो, तो कायद्यातल्या व्याख्येचा. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात वाचा-भाषेचा वेगळा उल्लेख नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार 21 झाले आणि आपला विषय आत आला. पण व्याख्या शब्दन्‌शब्द वाच. दिव्यांगता कायमस्वरूपी हवी, आणि स्वरयंत्र काढणं किंवा अफेजिया (मेंदूला इजा होऊन भाषा हरवणं) यांसारख्या शारीरिक वा मेंदूच्या कारणातून आलेली हवी. घशाच्या कर्करोगाचा रुग्ण त्यात बसतो, पक्षाघातानंतर बोलणं गेलेले काका बसतात. मुलाखतीत पहिल्याच अक्षरावर अडकणाऱ्या तरुणाला मात्र त्यात जागा मिळणं कठीण. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलावं यासाठी आपण बोलायलाच हवं.

हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे ही मागणी आमदारांपुढे ठेवू नकोस. त्यासाठी कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्ही खासदारांना भेट. यादी बदलते, हे ध्यानात ठेव. 2014 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात 19 प्रकार होते, डिसेंबर 2016 मध्ये मंजूर होताना ते 21 झाले. कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राचं 2014 पासूनचं धोरण आहे. ते दिवस क्लिनिकच्या गर्दीत निसटू देऊ नकोस.

भेटीला पालकांना ने, मुलाला नको. लहान मुलाला अनोळखी माणसांपुढे "बोलून दाखव" म्हणणं आपल्याला शोभत नाही. काका स्वतः यायला तयार असतील तर जरूर ने. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला तरी मध्ये शब्द पुरवू नकोस, खोलीतल्या सगळ्यांना थांबू दे. आपलं काम काय असतं, हे तेवढ्या वेळात त्यांना कळेल.

आणि एकटी लढू नकोस. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सुरू झालं, त्यामागे सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची कित्येक दशकांची एकजूट होती. आपण संख्येने थोडे, म्हणून सांगली-साताऱ्याच्या सहकाऱ्यांच्या सह्या आपल्याला जास्तच लागतील. विशेष शाळांचे शिक्षकही सोबत घे. पुणे विभागाच्या शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषदेतले आमदार कोल्हापूरचंही प्रतिनिधित्व करतात, त्यांच्याकडे कुणी आपला विषय घेऊन गेलंय का, बघ.

निवेदन एका पानात बसव, मागणी पहिल्या परिच्छेदात. कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, म्हणजे भेटीआधी दोघी बसून त्यावर हात फिरवू.

तुझी,
मॅडम