कारवानीचं पहिलं वेत आणि सोबतीची माणसं

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात राहतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कारवानी, म्हणजे आपल्याकडच्या देशी शिकारी जातीची, कुत्री आहे. तिच्या पहिल्या वेतातली तीन पिल्लं पहिल्याच आठवड्यात दगावली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, तर काहींनी झापलं आणि बाकीच्यांनी उरलेल्या पिल्लांचा भाव विचारला. वडील म्हणतात, हा नाद सोड. मला कुत्र्यांच्या पैदाशीचंच काम करायचं आहे, पण शिकवणारं कोणी नाही. आपली माणसं कुठे शोधू?

उत्तर : प्रिय मित्रा,

पिल्लं गेली त्याचं वाईट वाटलं. भाव विचारणाऱ्यांपेक्षा तुझी तगमग मला मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. रात्रीच्या गारठ्याने आणि पहिलं चिकाचं दूध न मिळाल्याने पिल्लं जातात. आईला ब्रुसेलोसिस हा जंतूंचा आजार असेल तर गर्भपात होतात, अशक्त पिल्लं जन्मतात आणि ती पटापट दगावतात. हा आजार मिलनातून पसरतो, माणसालाही होऊ शकतो आणि रक्ताच्या तपासणीत कळतो. तुझ्या पिल्लांचं नेमकं काय झालं, हे इतक्या लांबून मी सांगू शकत नाही. म्हणूनच तुला जवळचा माणूस हवा.

माणूस पारखायची माझी कसोटी एकच. त्याला विचार, "तुमची पिल्लं कशाने गेली?" खरा ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, थांबतो, आठवतो आणि सांगतो. "आमच्याकडे कधीच काही होत नाही" म्हणणाऱ्याकडून शिकायला काही मिळणार नाही. दुसरा प्रश्न, "माझ्या कुत्रीला तुमचा नर द्याल का?" तिची तपासणी, वय, आजी-आजोबा न विचारता जो हो म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. तुला नकार देणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नकोस.

आता कुठे शोधायचं. तू नशीबवान आहेस, कारण तुझ्याच तालुक्यातलं जानवळ कारवानीसाठी ओळखलं जातं. तिथल्या जुन्या जाणत्यांकडे विकत घ्यायला जाऊ नकोस, ऐकायला जा. कोणती कुत्री कोणत्या नराची, कोणाची पाठ कशी, कोणाचा पळ कसा, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि बहुतेकांनी लिहून ठेवलेलं नसतं. तू वही घेऊन बस आणि त्यांच्या परवानगीने वंशावळ लिही. शर्यतीच्या हौसेपोटी ग्रेहाउंड या परदेशी जातीचा संकर झाल्यामुळे शुद्ध कारवानी ओळखणं अवघड झालंय. अशा वहीची किंमत त्यांनाही कळेल. मदत मागत येणाऱ्या पोरांना लोक कंटाळतात, पण कामाला हात लावणाऱ्याला ठेवून घेतात. एखाद्याची कुत्री विणार असेल तर रात्र जागायला जा. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा असतो, त्यामुळे तारीख आधी ठरवता येते. कुत्री अडली तर किती वेळ थांबायचं आणि डॉक्टर कधी बोलवायचा, हे तिथे बसूनच कळेल.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांशी आजारपणाआधी ओळख कर. पुढे एखादं पिल्लू गेलं तर शवविच्छेदनाचं विचार. थोडा प्रवास जमला तर कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. कारवानीचीच भावकी असलेल्या मुधोळ हाउंडवर तिथे काम चालतं. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था कारवानीची नोंद कॅरावान हाउंड नावाने करते. तिच्याशी संलग्न क्लबांचे डॉग शो भरतात. शोला जाशील तेव्हा रिंगपेक्षा तंबूत जास्त वेळ काढ. कुत्र्यांना पाणी पाजताना, नखं कापताना ही माणसं मोकळी बोलतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ससे पकडायच्या शिकारीला नेणारी मंडळी तुला आपलंसं करतील, कौतुकही करतील. तिथे जाऊ नकोस. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि एकदा नाव त्यात आलं की चांगली माणसं दार उघडत नाहीत.

2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. 18 महिन्यांखालील मादीपासून वेत घेता येत नाही आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. कागद हातात असला की जाणते लोक तुला हौशी पोरगा समजणं थांबवतील. आणि ज्यांना पिल्लं दिलीस, त्यांना दर महिन्याला फोन कर. एखाद्या पिल्लात दोष निघाला तर तो सगळ्यात आधी त्यांनाच दिसणार आहे.

वडिलांचा राग मला समजतो. या कामावर घर चालेल असं धरून चालू नकोस. पदवी पूर्ण कर आणि त्यांना एकदा सोबत जानवळला घेऊन जा. कुत्रीला यंदा विश्रांती दे. तपासण्या झाल्या आणि रात्री दोनला उचलतील असे दोन फोन नंबर तुझ्याकडे जमले की मग पुढच्या वेताचं बघू. तेव्हा मला पुन्हा लिही, कुत्री आणि नर दोघांच्या तपासणीचे कागद जोडून.