सर कुणाला नाही म्हणत नाहीत

“ताई, थकलो असं म्हणणं हा अविश्वास आहे का?”

खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्यांनी हे विचारलं. वय ४२, नवापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निवडून आलेले वडील (मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ), खजिनदारही तेच. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. (ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, आणि हे लिहायला त्यांची व त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, परवानगी आहे.)

धुळे-नंदुरबारकडच्या मंडळ्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या सेवाभावी माणसांच्या पोटात हाच प्रश्न असतो. बहुतेक जण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढतात, सरांनी पहिल्या मिनिटाला काढला. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, आत्मत्याग कर, आपला वधस्तंभ उचल आणि मला अनुसर. हे शब्द लहानपणापासून पाठ असलेल्या माणसाने दमलो कसं म्हणायचं? नाही कसं म्हणायचं?

पहाटे तीनला जाग, छातीवर दगड ठेवल्यासारखं, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडणं, असं सहा महिने चाललं होतं. आधी चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात तपासून या म्हटलं. हृदयाचा आलेख नीट होता, साखर वाढलेली होती. शाळा सुटली की ते थेट घरी न जाता नवापूर स्टेशनवर जाऊन बसत. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, येणारे-जाणारे त्यावर फोटो काढतात. सर त्या फलाटावर तासभर नुसते बसून राहायचे. घरी गेलं की हसरा चेहरा ठेवावा लागतो, म्हणाले.

मी सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” हे विचारायला समुपदेशकाने कचरू नये. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. ते म्हणाले, “मरावं असं नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं.” याला मी किरकोळ मानत नाही. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये माझ्यासमोर नोंदवून घेतला. हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. रात्री तीनला मी फोन उचलीनच असं नाही, पण तिथे कोणीतरी असतं.

मग हळूहळू खरं ओझं बाहेर आलं. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर पगारदार जामीन लागतो, आणि त्यांच्या पाड्यावर पगारदार माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. सर चौघांना जामीन राहिले होते. दोघांचे हप्ते थकले. एक बारडोलीकडे ऊसतोडीला गेला तो फोन उचलेना. दर महिन्याला सरांच्या पगारातून ९,५०० रुपये कापले जात होते आणि घरी सांगितलं होतं की भविष्यनिर्वाह निधीत जास्त टाकतोय. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता तोंडावर आला होता.

जामीन राहणं म्हणजे ओळख देणं, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. सरांनी हे सही करताना वाचलं नव्हतं. आणि बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय? तो त्यांनी मंडळीत वाचून दाखवला होता. तिथे शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याला सांगितलंय की डोळ्याला झोप येऊ देऊ नकोस, जा, शेजाऱ्याच्या मागे लाग, पारध्याच्या हातातून हरिणी सुटते तसा सुटून ये. मी ते वचन काढून दिलं तेव्हा सर बराच वेळ पानाकडे बघत राहिले. “हे मी शिकवलंय ताई,” म्हणाले.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाकडून काय घेतलंत?”

खूप वेळ उत्तर आलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते वडिलांबद्दल बोलू लागले. वडील ऊसतोड कामगार. सरांची डी.एड.ची फी मंडळीतल्या लोकांनी गोळा केली होती, कुणी तूर विकून, कुणी कोंबड्या विकून. फी भरताना वडिलांनी सगळ्यांपुढे हात जोडलेले सरांनी पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी मनात ठरवलं, आता आयुष्यभर द्यायचं, घ्यायचं नाही.

मला गाठ तिथे दिसली. सरांचं देणं खोटं नव्हतं. त्यांचं प्रेम मी जवळून बघितलंय. पण त्या देण्याच्या आत हात जोडण्याची धास्ती बसली होती. पैसा, वेळ, झोप हे सगळं त्यांनी सोडलं. ‘सर कुणाला नाही म्हणत नाहीत’ हे नाव मात्र त्यांना सोडवत नव्हतं. आत्मत्यागात ‘आत्म’ आहे, आणि मला वाटतं, त्यात हे नावही येतं.

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! पण प्रभूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. शिष्य व्हायचं तर आधी पाय पुढे करावे लागतात. धुळीने भरलेले, भेगा पडलेले.

आणि गेथशेमाने, म्हणजे वधस्तंभावर जाण्याआधीच्या रात्री प्रभूने प्रार्थना केली ती बाग. सर दर उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री त्यावर बोलत, आज्ञापालनाबद्दल. मी त्यांना मार्काच्या चौदाव्या अध्यायातला तो भाग हळू वाचायला सांगितला. प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच जवळ नेलं. त्यांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे थांबा, जागे राहा. देवाच्या पुत्राने सोबत मागितली. मग थकलो म्हणणं अविश्वास कसा? सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच होतं. पण तिघे झोपी गेले हेही तिथेच लिहिलंय, म्हणून मी सरांना खोटी आशा दिली नाही. तुम्ही मन उघडं कराल आणि समोरचा झोपलेला असेल, असंही होईल.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ आहे’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय आणि त्याचा मला संताप येतो. प्रभूने आपल्या प्राणाबद्दल म्हटलंय की तो कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. जे मारून-धमकावून काढून घेतलं जातं त्याला त्याग म्हणू नये. अशा बाईला आधी सुरक्षित जागा हवी. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे.

सरांचं पहिलं काम वहिनींना सांगणं. कसं सांगायचं याची आम्ही दोनदा तालीम केली, तरी घरी त्यांनी आकडा कमी करून सांगितला. दुसऱ्या दिवशी परत, पूर्ण. पुढच्या भेटीला वहिनी सोबत आल्या. त्या रडल्या नाहीत, चिडल्या होत्या. “माझी पोत मागितली असती तर काढून दिली असती. विचारलं का नाही? तुम्ही त्याग केला म्हणता, पोरीची फी कुणाची होती?”

सरांकडे उत्तर नव्हतं, आणि मी त्यांच्या मदतीला गेले नाही. वहिनी बरोबर बोलत होत्या. गलतीकरांस पत्राच्या एकाच अध्यायात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत, बारोस आणि फोर्तिओन. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा ज्याने त्याने आपल्या पाठीवर न्यायच्या बोजाचा. हप्ता हा त्या कर्जदारांचा बोजा होता. सरांनी तो उचलला आणि न विचारता अर्धा वहिनींच्या डोक्यावर ठेवला.

नंतर मंडळीत सांगायची वेळ आली. सरांना एकदम उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची होती. मी अडवलं. तिघांना सांगा म्हटलं, गेथशेमानेसारखं. एक वडील म्हणाले, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” हे सरांना आठवडाभर टोचलं. दुसरे काहीच बोलले नाहीत, पण हप्ते थकवलेल्या एका कर्जदाराच्या धाकट्या भावाकडे सरांसोबत चालत गेले. तो आता महिन्याला २,००० देतो. दुसऱ्या कर्जदाराकडून अजून रुपया आलेला नाही. पाचवा माणूस जामिनासाठी आला तेव्हा सरांनी नाही म्हटलं आणि रात्रभर तळमळले. सकाळी तोच माणूस रस्त्यात भेटला, नेहमीसारखा हसून पुढे गेला.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, झोप पुष्कळ सुधारली आहे. स्टेशनवरचं बसणं आठवड्यातून एकदावर आलंय.

मागच्या भेटीत त्यांनी एक गोष्ट सांगितली. घरी संध्याकाळची प्रार्थना नेहमी सरच करायचे, शास्त्रातल्या मराठीत. त्या दिवशी पगाराची चिठ्ठी हातात होती, शब्द फुटेनात. “आज तू कर, मला होत नाही,” ते म्हणाले. वहिनी आधी म्हणाल्या, जेवून घ्या. मग भांडी बाजूला सारून तिथेच चुलीजवळ बसल्या आणि घरच्या मावची बोलीत प्रार्थना करू लागल्या. त्यात पतसंस्थेचं नाव होतं, हप्त्याचा आकडा होता, पोरीची फी होती, सरांच्या गोळ्या होत्या. आई गेल्यापासून त्या घरात मावचीत कुणी प्रार्थना केली नव्हती, सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.