व्हीओटू मॅक्स जास्त, तरी 800 मीटरला मागे का?

तुमचा प्रश्न असा, की लॅबमध्ये तुमचा व्हीओटू मॅक्स 68 आला, मित्राचा 62, तरी 800 मीटर तो 2:00 मध्ये काढतो आणि तुम्ही 2:04 वर अडकलाय. मशीन चुकलं का? नाही. एका आकड्याकडून तुम्ही फार अपेक्षा केलीत.

हा आकडा सांगतो, की शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. त्यातून वेग किती निघेल ते ठरवते रनिंग इकॉनॉमी, म्हणजे तेवढंच अंतर तुम्ही किती कमी ऑक्सिजनमध्ये धावता. समजा एक किलोमीटरला तुम्हाला किलोमागे 200 मिलि लागतो आणि मित्राला 180. मग 68 मध्ये तुमचा वेग निघतो ताशी 20.4 किमी, आणि 62 मध्ये त्याचा 20.7. सहाची आघाडी इथेच संपली! टाचेमागची शीर, अॅकिलीस टेंडन, स्प्रिंगसारखा किती ऊर्जा परत देतो, पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं, किती वर्षांचं धावणं पायात मुरलंय, या सगळ्यातून ही काटकसर येते. ती सावकाश येते, पण टिकते.

तरीही मला शंका आहे ती वेगळ्याच गोष्टीची. 2:00 म्हणजे ताशी 24 किमी. ऑक्सिजनवर मिळणारा वेग दोघांचा 20.5 धरला, तर वरचे साडेतीन किमी स्पीड रिझर्व्हमधून, म्हणजे या वेगाच्या आणि टॉप स्पीडच्या मधल्या साठ्यातून, काढावे लागतात. तुमचा टॉप स्पीड 29 असेल तर त्या साठ्याचा 41 टक्के भाग लागला, त्याचा 33 असेल तर फक्त 28 टक्के. पेस तोच, पण तुम्ही ओढाताणीत आणि तो निवांत.

पण म्हणून दमाचा सराव सोडू नका हं. मुरलेल्या धावपटूच्या 800 मध्येसुद्धा निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवरच येते, 1500 मध्ये तर साधारण 80 टक्के.

मी धावायचो तेव्हा 550 मीटरच्या आसपास खांदे कानाकडे चढायचे, हात छातीसमोर आडवे फिरायचे, गुडघे उचलेनासे व्हायचे. तेव्हा सगळे लॅक्टिक अॅसिडला दोष द्यायचे. खरं तर लॅक्टेट हे इंधन आहे, हृदयसुद्धा ते वापरतं. स्नायूंची पकड ढिली होते ती मुख्यतः साठणारा फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन यांमुळे. हे कुणालाच चुकत नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 800 मध्ये 1:40.91 चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचाही पहिला लॅप 49.28 चा होता आणि दुसरा 51.63 चा. शेवटच्या 100 मध्ये जो झेपावल्यासारखा दिसतो, तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावत असतो, एवढंच.

आता काम. ताज्या पायांनी, नीट वॉर्म-अप करून, 30 मीटर वेग घ्या आणि पुढचे 30 मीटर पूर्ण ताकदीने पळा. मित्राला मोबाइलवर बाजूने शूट करायला सांगा, हातातल्या घड्याळावर विसंबू नका. तीनदा करा, मध्ये चार-पाच मिनिटं पूर्ण विश्रांती. 3.3 सेकंद म्हणजे ताशी जवळपास 33 किमी, 3.7 म्हणजे 29. तुमचं उत्तर 3.7 कडे झुकलं, तर आठवड्यातून दोन दिवस, दमण्याआधीच, छोटे चढ आणि असेच फ्लाइंग 30 सुरू करा, आणि एखादं इंटरव्हल सेशन बिनदिक्कत कमी करा. 3.3 च्या जवळ आलं तर मात्र माझा अंदाज चुकला, मग इकॉनॉमीकडे बघू. दोघांच्याही वेळा आणि 400 चा बेस्ट इथे टाका.