कॉलेजच्या 'कम्युनिटी एंगेजमेंट'चा आसपासच्या वस्तीला खरंच उपयोग होतो का?

तुमची मुलगी ठाण्यात दुसऱ्या वर्षाला आहे, नव्या शैक्षणिक धोरणातल्या सीईपीसाठी, म्हणजे क्रेडिटसाठी वस्तीत जाऊन करायच्या कम्युनिटी एंगेजमेंटच्या कामासाठी, तिला चेंदणी कोळीवाड्यात सर्वेक्षण दिलंय, आणि तुम्ही विचारताय की विद्यापीठाच्या या उद्योगाने वस्तीचं काही भलं होतं की नुसते क्रेडिट मिळतात. कोळीवाड्याचं नाव वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर बसले नसते.

फॉर्मचा उपयोग होत नाही. पोरांचा होतो, कोणी होऊ दिला तर.

मी 2009 ची टीवायबीए. तेव्हा सीईपी नव्हतं, मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे प्रकल्प होते. आम्ही सरळ 'एक्स्टेन्शन' म्हणायचो. 120 तास भरले की 10 गुण जास्तीचे. त्यातल्याच अन्नपूर्णा योजना नावाच्या प्रकल्पात खाण्याचा स्टॉल लावायचा असे, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. मी घेतलं स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण, आणि वस्ती मिळाली हीच.

एक मावशी दारात करंदी सोलत बसल्या होत्या. मी फॉर्ममधलं वाचलं, "घरातील आर्थिक निर्णय कोण घेते?" नवरा जाऊन चार वर्षं झालेली. म्हणाल्या, "मीच. दुसरा हाय कोन?" मग हात न पुसताच फॉर्म माझ्याकडून घेतला, उलटासुलटा करून बघितला. "लिवून नेशील. मंग परत येवून सांगशील काय, काय निघाला त्यान?"

मी गप्प. त्यांनीच आतून प्लास्टिकची पिशवी आणली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, दोनदा परत आलेला. उत्पन्नाचा दाखला जुना, आणि रेशनकार्डावर एक आडनाव, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. तलाठी, सेतू, तहसील, मध्ये प्रतिज्ञापत्र. पाच फेऱ्या झाल्या. पैसे सुरू झाले तेव्हा मावशींनी सुकटीची पुडी दिली, ती मी लोकलमधून आणली आणि डब्यातल्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

डायरीत मी त्या फेऱ्यांचे 19 तास लिहिले. आमच्या सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली. "हे विस्तारकार्यात बसत नाही, ही तुझी वैयक्तिक समाजसेवा." मी वाद घातला, वर्गाबाहेर काढली गेले. ते 19 तास मग पथनाट्याच्या तालमीत डफ वाजवून भरले. विषय, महिला सक्षमीकरण.

निकालाच्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले तर कपाटावर आमचे फॉर्म. मी बांधलेली सुतळीची गाठ तशीच. वरच्याच फॉर्मवर करंदीच्या पाण्याचा डाग.

तर सर, कुठे असाल तिथे, विस्तार म्हणजे त्या पाच फेऱ्याच होत्या. एक्स्टेन्शनच्या कल्पनेत खोट नव्हती. मोजायला सोपं ते मोजायचं, ही खोट. विद्यापीठ 1857 चं, पण ठाण्यातल्या माणसाला विद्यापीठ म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का. आता बाळकुमला उपकेंद्र आहे, तिथे कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. कायदा शिकवायचा तर विधी सहाय्य केंद्र ठेवावंच लागतं. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे, घरांच्या कागदांचे प्रश्न रिक्षाच्या अंतरावर पडलेत. आठवड्यातून एक दिवस तिथे टेबल टाकून बसलं तर शंभर सर्वेक्षणांहून बरं.

मुलीला एवढंच करायला सांगा. फॉर्म भरायच्या आधी सरांना विचारायचं, अर्ज भरून दिला, कचेरीत सोबत गेलं, तर ते तास धरणार का? हो म्हणाले तर लिहून घ्यायचं. आणि जे निघेल ते एका पानावर मराठीत उतरवून त्याच घरांत परत नेऊन वाचून दाखवायचं. कॉलेजने सांगितलं नाही तरी.

हां, सगळे सर असे नसतात. आमच्याच कॉलेजात एनएसएसच्या मॅडम सात दिवसांच्या शिबिरानंतरही पोरांना त्याच गावात पुन्हा पुन्हा नेत. शिवाय एका सरांच्या गळ्यात दोनशे पोरं असतात, तेही खरं. सर्वेक्षणं मुळातच वाईट असंही माझं म्हणणं नाही, आकडे लागतातच कुणाला तरी.

बुधवारी, शुक्रवारी, रविवारी सकाळी जाऊ नका म्हणावं. बायका बाजारात असतात. दुपारी चारनंतर जा.