क्लायंट खोटा रिफंड काढा म्हणतो, नाही म्हटलं की दुसरीकडं जातो, काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत नुकतंच रिटर्न भरायचं काम सुरू केलंय, लोक येतात आणि म्हणतात अमक्यानं माझ्या मित्राला एवढा रिफंड काढून दिला तुम्हीच का देत नाही, कुणी कॅश झाका म्हणतं, कुणी कागदच आणत नाही, आणि नाही म्हटलं की समोरच्याकडं जातात. मी बेळगावात शहापूरला हेच काम करते, तेव्हा आपल्याच भागातली माणसं डोळ्यासमोर धरून सांगते.

माझं म्हणणं एवढंच की क्लायंटला कलम सांगू नका, रुपये सांगा. दोनशे सत्तर ए, म्हणजे खोटं उत्पन्न दाखवल्याच्या दंडाचं कलम, म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि मनात म्हणतो ही बाई उगंच भीती घालालीय. आणि तसंही १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा, त्यात कलमांचे नंबर सगळे बदलले, जुने नंबर २०२५-२६ पर्यंतच्या कमाईपुरते. त्यामुळं पाठ केलेले आकडे क्लायंटला ऐकवून काही मिळत नाही. कागद घ्यायचा आणि त्याच्यासमोर हिशोब मांडायचा.

रिफंडवाल्यापासनंच सुरू करू. नोकरदार माणूस, जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, आणि कुणीतरी सांगितलंय की नाव न ऐकलेल्या एखाद्या पक्षाला १ लाखाची देणगी दाखवूया, पैसे कमिशन कापून परत येतात. यात टॅक्स वाचतो २०,८००, ह्यातनंच त्या दलालाचं कमिशन. सापडला तर ते २०,८०० परत, त्यावर दुप्पट दंड म्हणजे ४१,६००, वर व्याज. म्हणजे वीस हजारासाठी साठ हजाराच्या वर. हे मी पेनानं लिहून कागद त्याच्याकडं सरकवते आणि गप्प बसते. बहुतेक जण तिथंच "असू दे मॅडम, सरळच भरा" म्हणतात. जो म्हणतो "कोण बघतंय हो एवढं", त्याला सांगा की २०२५ च्या जुलैत खात्यानं देशभर खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर छापे टाकले, आणि आता फॉर्ममध्येच पॉलिसी नंबर, घरभाड्याचा तपशील असलं सगळं भरावं लागतं, नुसता आकडा ठोकून चालत नाही.

आणि हे तुमच्यासाठी, क्लायंटला नाही सांगितलं तरी चालेल, की खोटं रिटर्न करायला मदत करणाऱ्यावरही खटला होऊ शकतो, जुन्या कायद्यात ते २७८ मध्ये आहे. रिफंड मिळाला तर त्याचा, आणि लॉगिन कुठल्या कॉम्प्युटरवरनं झालं हा प्रश्न मात्र तुमच्या दुकानात येणार.

गेल्या वर्षांत दुसऱ्याकडनं असलं करून बसलेला माणूस तुमच्याकडं आला तर त्याला हाकलू नका, असा माणूस एकदा सुटला की जन्मभराचा क्लायंट होतो. अपडेटेड रिटर्नची सोय आहे, आता ४ वर्षांपर्यंत मागं जाता येतं. पहिल्या वर्षात आला तर टॅक्स आणि व्याज यांच्यावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. पुन्हा तेच, कागदावर मांडा, आज एवढे आणि पुढच्या वर्षी एवढे. फक्त यातनं रिफंड वाढवून मिळत नाही, तो उद्देश घेऊन कुणी आला तर तिथंच सांगा.

आता शेती. आपल्याकडं कॅश कुठनं आली विचारलं की पहिलं उत्तर "शेतीचं दाखवा की". शेतीचं उत्पन्न माफ आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं ते काय उखळासारखं झालंय, काहीही घाला. मी आधी उतारा मागते, मग कारखान्याची बिलं, मग मार्केट यार्डाच्या पावत्या. उतारा कन्नडमध्ये असतो, आपल्यातल्या पुष्कळांना वाचता येत नाही, तेव्हा तुम्हाला निदान नाव, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि पीक एवढं कन्नड वाचता आलंच पाहिजे, नाहीतर क्लायंट सांगेल ते लिहीत बसाल. मग गणित करायचं. ऊस म्हणतोय ना, २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूरला एवढं आंदोलन झालं तेव्हा कुठं टनाला ३,३०० वर आलं. एकरी ४० टन धरा, चांगलाच धरला. दोन एकराचे झाले २ लाख ६४ हजार, त्यातनं बियाणं, खत, तोडणी, पाणी वजा. आणि हा म्हणतोय खात्यात भरलेले २० लाख उसाचेच. हे त्याच्यासमोर बोलत बोलत केलं की तो स्वतःच हसतो. बचत खात्यात वर्षाला १० लाखाच्या वर कॅश भरली की बँकच ते इन्कम टॅक्स खात्याला कळवते हेही त्याच वेळी सांगून टाका.

जागा विकणारे याहून अवघड, कारण तिथं रक्कम मोठी आणि व्यवहार तुमच्याकडं यायच्या आधीच झालेला असतो. विकणारा म्हणतो खरेदीपत्रात ३० लाख लिहिलंय, वरचे २० कॅश घेतले, ते तुम्ही बघू नका. त्याला विचारा ते २० लाख पुन्हा भरायचे असतील तर चालेल का? कारण जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेतली तर दंड घेतलेल्या रकमेएवढाच, २० लाखाला २० लाख. सूट आहे ती फक्त दोघंही शेतीवाले आणि दोघांनाही टॅक्स लागणारं कसलंच उत्पन्न नाही अशा वेळी. त्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं बेंगळूरच्या एका जागेच्या केसमध्ये सांगितलंय की दाव्यात किंवा रजिस्टर होणाऱ्या कागदात २ लाख वा जास्त कॅश दिल्याचं लिहिलेलं दिसलं तर कोर्टानं आणि सब-रजिस्ट्रारनं इन्कम टॅक्सला कळवायचं. भावाभावात भांडण झालं, दावा पडला, आणि वकिलानं लिहिलं की एवढे रोख दिले, की झालं. तुम्ही झाकून काय होणार. म्हणून जे क्लायंट नेहमीचे आहेत त्यांना सांगून ठेवा की विसार घ्यायच्या आधी एक फोन करा, नंतर आल्यावर आम्ही फक्त नुकसान मोजू शकतो.

आणखी एक, "शेतजमीन विकली, टॅक्स नाही" असं समजून माणूस येतो. अंतर बघायला लागतं, आणि ते सरळ रेषेत, रस्त्यानं नाही. शहराच्या हद्दीपासनं, लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाखाला ६, त्याच्या वर ८. बेळगाव २०११ च्या जनगणनेत पाच लाखाच्या जरा आत, म्हणजे ६ किलोमीटर. कंग्राळी, हिंडलगा बाजूचा माणूस म्हणतो आमचं खेडं, आमची शेतीच आहे, भात पिकतंय अजून, पण टॅक्सला ती शहराची जमीन. आणि तिथं सरकारी व्हॅल्यू खरेदीच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असली तर विक्रीची रक्कम म्हणून सरकारी व्हॅल्यूच धरतात. अशा क्लायंटला रडवण्याआधी वाटा पण सांगा, दोन वर्षांत दुसरी शेती घेतली तर सूट मिळू शकते, रिटर्नच्या तारखेपर्यंत घेतली नसेल तर कॅपिटल गेन खात्यात पैसे ठेवायचे. चांगली बातमी पण रुपयातच सांगायची.

जीएसटीत आपल्या भागाची वेगळीच भानगड आहे, आणि ही पुण्या-बेंगळूरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरनं छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या, तेव्हा सगळ्यांनी ४० लाख हा आकडा पाठ केला. माल विकणाऱ्याला ४० लाखापर्यंत रजिस्ट्रेशन नको, सेवा देणाऱ्याला २० लाख. बरोबर. पण ती मोकळीक राज्याच्या आत. टॅक्स लागणारा माल दुसऱ्या राज्यात पाठवला की पहिल्या रुपयापासनं रजिस्ट्रेशन लागतं, आणि निपाणीतनं कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला टेम्पो गेला की राज्य बदललं! दुकानदाराला हे पटतच नाही, तो म्हणतो कागल म्हणजे आमच्या पाव्हण्यांचं गाव हो, तिथं कुठलं दुसरं राज्य. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठराविक टक्का टॅक्स भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला, तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. सापडला तर टॅक्स स्वतःच्या खिशातनं आणि दंड १० हजार किंवा तेवढ्याच टॅक्सएवढा, जे जास्त ते. गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेलं आणि त्याचं रजिस्ट्रेशन नाही तर बिलावर पत्ता काय लिहिला ते बघतात, पत्ता नसेल तर दुकान जिथं तिथलीच विक्री. पोरगं बिल करताना सवयीनं "चंदगड, महाराष्ट्र" टाकतंय का ते एकदा बघून या.

तसंच महाराष्ट्रातल्या शिनोळीत शेड आणि बेळगावात ऑफिस असलेले बरेच आहेत. दोन राज्यं म्हणून दोन रजिस्ट्रेशन, आणि स्वतःचाच माल इकडनं तिकडं नेला तरी बिल करून टॅक्स लावायचा. काजूवाल्यांना आणि तुमच्या निपाणीत तंबाखूवाल्यांना वेगळं सांगा, रजिस्ट्रेशन असलेल्यानं शेतकऱ्याकडनं काजू बी किंवा तंबाखूचं पान घेतलं तर टॅक्स माल घेणाऱ्यानं भरायचा असतो, त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, माल कुठनं येतो, कुठं जातो, आणि कुणाचा टेम्पो जातो. उलाढाल किती हे नंतर.

लष्करातल्या लोकांच्या घरी अजून एक घोळ असतो, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं पेन्शनवाले भरपूर. बाईला नवऱ्यामागं मिळणारी फॅमिली पेन्शन पगारात टाकून पुष्कळ जण ७५ हजाराची वजावट घेतात. ती पगारात नाही, इतर उत्पन्नात. नव्या पद्धतीत एक तृतीयांश किंवा २५ हजार, जे कमी ते वजा. कर्तव्यावर लढताना वारलेल्या जवानाच्या घरच्यांची फॅमिली पेन्शन मात्र माफ आहे, तेव्हा आधी कागद बघा. असल्या घरी प्रश्न जरा हळू विचारायचे, मी तरी आधी चहा घेते मग फाइल उघडते.

घरच्या भांडणात टॅक्सवाला मध्ये सापडतो. धाकटा भाऊ येतो, "दादाचं रिटर्न दाखवा की वैनी, आमची वाटणी चाललीय". नाही दाखवायचं. कितीही ओळख असू दे, ज्याचं लॉगिन त्याच्याच हातात कागद. नवरा-बायकोचंही तसंच. पार्टनरशिप फर्म असेल तर फर्मची वह्या-पुस्तकं बघायचा, कॉपी घ्यायचा हक्क प्रत्येक पार्टनरला आहे, तिथं एकाच्या सांगण्यावरनं दुसऱ्याला अडवू नका, पण एकाचं स्वतःचं रिटर्न दुसऱ्याला द्यायचं नाही.

आता फोन नंबर. सोय म्हणून आपल्यातले पुष्कळ जण पोर्टलवर क्लायंटच्या जागी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालतात. नका करू. नोटीस तुमच्याकडं येते, तुम्ही गावी गेलेले, मुदत जाते, आणि क्लायंट म्हणतो मला काहीच कळलं नाही, आणि ते खरंच असतं. क्लायंटचा नंबर पहिला, तुमचा दुसरा. त्याच्याकडनं ओटीपी मागायला त्रास होतो, होऊ दे.

जो कागद आणत नाही त्याच्याशी वाद घालू नका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: तुम्ही सांगितल्याप्रमाणे बँक खाती दोन, भाडं नाही, शेअर नाहीत, एआयएसमध्ये (खात्याच्या पोर्टलवर दिसणारं तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं स्टेटमेंट) अमुक व्याज दिसतंय, बरोबर आहे का कळवा. "होय" आलं की मग फाइल करा, आणि तो मेसेज ठेवून द्या. निम्म्या लोकांना हा मेसेज वाचल्यावरच तिसरं खातं आठवतं.

फी आधी घ्या, निदान अर्धी. रिफंडच्या टक्क्यावर कधीच घेऊ नका, एकदा टक्का ठरला की रिफंड वाढवायची खाज तुमच्याच हाताला सुटते.

एवढं करूनही एखादा ऐकत नाही, तर त्याला जाऊ दे. त्याचे मूळ कागद त्याच दिवशी परत द्या, पोर्टलवरनं तुमचा नंबर काढा, आणि मेसेज टाका की या वर्षीचं रिटर्न मी भरलेलं नाही. त्याच्याकडं आधीच नोटीस आलेली असेल तर तारीख ठळक लिहून द्या, रिटर्नमधली त्रुटी काढलेली असेल तर साधारण १५ दिवस, आकड्यातल्या फरकाची असेल तर ३० दिवस. राहिलेल्या फीसाठी कागद अडवून ठेवू नका, फी नंतर मागता येते, मुदत गेली तर त्याचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार.