पोर्तुगालमध्ये 'कामारा' कोण आणि 'जुंता' कोण

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत: पत्त्याचा दाखला कामारात (म्हणजे नगरपालिकेच्या कारभारी मंडळात) मिळतो की जुंतात (म्हणजे नगरपालिकेच्या पोटातल्या 'फ्रेगेझिया' या लहान विभागाच्या कारभारी मंडळात), आणि या दोघांना आपल्याकडची नगरपालिका आणि ग्रामपंचायत समजायचं का?

दाखला जुंता दि फ्रेगेझिया देते. भाडेकरार, पासपोर्ट आणि करक्रमांक सोबत न्या. बऱ्याच ठिकाणी त्याच फ्रेगेझियाच्या मतदारयादीतले दोन साक्षीदारही मागतात, म्हणून आधी फोन करून विचारून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. आपल्याकडे शहराला नगरपालिका आणि गावाला ग्रामपंचायत. तिकडे सगळा देशच 308 नगरपालिकांमध्ये वाटलेला आहे, शेतं, डोंगर, वाड्यावस्त्यांसकट. प्रत्येकीच्या पोटात फ्रेगेझिया. खुद्द लिस्बन शहरात अशा 24 आहेत. अपवाद फक्त अझोरिश या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज द्वीपसमूहातल्या कोर्वू या चिमुकल्या बेटाचा: तिथे नगरपालिका आहे, फ्रेगेझिया नाही.

आणखी एक मोठा फरक म्हणजे मुख्य भूमीवर नगरपालिका आणि लिस्बनचं सरकार यांच्यामध्ये थेट निवडून आलेलं काहीच नाही. जिल्हा परिषद नाही, विधानसभा नाही. प्रादेशिक सरकारं आणायचा प्रस्ताव 1998 च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. (अझोरिश आणि मदैरा या द्वीपसमूहांना मात्र 1976 पासून स्वायत्तता आहे.) त्यामुळे पाणी, कचरा, बांधकाम परवाने, शाळांच्या इमारती हे सगळं कामाराकडे येतं. घरपट्टीचा दरही तिथेच ठरतो. शहरी मालमत्तेला तो साधारण 0.3 ते 0.45 टक्क्यांच्या दरम्यान असतो.

या संस्थेचं मूळ मध्ययुगातलं. राजा एखाद्या वस्तीला 'फोराल' नावाची सनद द्यायचा. कर किती, दंड किती, न्याय कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असे. लिस्बनला ती 1179 मध्ये मिळाली. जुन्या गावांच्या चौकात अजून दिसणारा पेलोरीन्यु हा दगडी खांब त्याच अधिकाराची खूण. गुन्हेगाराला तिथे बांधून शिक्षा देत. 1391 च्या राजाज्ञेनंतर पदाधिकारी चिठ्ठीने निवडले जाऊ लागले: नावं मेणाच्या गोळ्यांत घालायची आणि लहान मुलाच्या हाताने एक गोळी काढायची. पण पिशवीत नावं असत ती गावातल्या प्रतिष्ठितांचीच.

गोव्याचा धागा इथेच जुळतो. 1510 नंतर गोवा शहराला लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा मिळाली. 1526 मध्ये आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रूढी नोंदवून जो दस्तऐवज केला, त्यालाही फोरालच म्हणतात. फरक असा की त्याने नवी नगरपालिका स्थापन केली नाही. आधीपासून चालत आलेली 'गावकरी', म्हणजे गावाची सामूहिक कारभाराची पद्धत, कागदावर आणली.

'पोर्तुगालमध्ये आठशे वर्षांची अखंड स्थानिक स्वायत्तता आहे' असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. 1836 मध्ये पासुश मानुएलच्या सरकारने आठशेहून अधिक नगरपालिकांतल्या निम्म्याहून जास्त एका फटक्यात रद्द केल्या. विसाव्या शतकात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत कामाराचा अध्यक्ष सरकार नेमायचं, आणि त्याने मान वर करून बोलायची सोय नव्हती. या दोन्हींच्या मधल्या काळात नगरपालिकांत धगही होती, हे खरं. 1908 मध्ये राजेशाही नको असलेल्या प्रजासत्ताकवाद्यांनी लिस्बनची नगरपालिका जिंकली आणि 5 ऑक्टोबर 1910 ला तिच्याच सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तरीही आज आपण पाहतो ती संस्था, माझ्या मते, 12 डिसेंबर 1976 ची. हुकूमशाही उलथवणाऱ्या एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतरची ती पहिली स्थानिक निवडणूक. 1979 च्या कायद्याने हाती हक्काचा पैसा आला आणि खेडोपाडी नळ, गटारं, रस्ते पोचायला वेग आला.

आता मतदार दर चार वर्षांनी तीन मतपत्रिका भरतो: कामारा, नगरसभा (कामारावर देखरेख ठेवणारी सभा) आणि फ्रेगेझियाची सभा. कामाराच्या जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून विरोधी पक्षाचे लोकही कारभारी मंडळातच बसतात. आपल्याकडे स्थायी समितीत विरोधक असतात तसं म्हणा, पण इथे ते खुद्द अध्यक्षाच्या मंडळात असतात. अध्यक्षाला सलग तीनच कार्यकाळ मिळतात.

फ्रेगेझियाबद्दल लोक किती हळवे असतात ते 2013 नंतर दिसलं. कर्जसंकटात सरकारने चार हजारांहून अधिक फ्रेगेझिया एकत्र करून तीन हजारांच्या आसपास आणल्या. म्हाताऱ्या माणसांना दाखल्यासाठी शेजारच्या गावी जावं लागलं, गावांची नावं जोडनावांत बुडाली. ही काटकसर चुकीची होती असं मला ठामपणे वाटतं. 2025 मध्ये त्यातल्या बऱ्याच पुन्हा वेगळ्या झाल्या. म्हणून तुमची जुंता आज नेमकी कोणती, हे जुन्या पत्त्यावरून ठरवू नका.

भारतीय पासपोर्टवर स्थानिक निवडणुकीत मत देता येत नाही. तो हक्क युरोपीय संघाच्या नागरिकांना आणि परस्पर करार असलेल्या काही देशांच्या लोकांना आहे. पण फ्रेगेझियाच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि त्यात नागरिकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. तुमच्या गल्लीतल्या दिव्यांबद्दल तुम्ही लिहिलंय, ते तिथे जाऊन मांडा.